शेत आणि पॅकहाऊससाठी चार फोन घ्यायचे आहेत: अँड्रॉइड की आयफोन?

दिंडोरीकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आणि एक लहान पॅकहाऊस आहे. राहणे मात्र नाशिकमध्ये, गंगापूर रोडला. ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली की कोणालाच उसंत मिळत नाही, म्हणून त्याआधी चार फोन बदलून घ्यायचे ठरवले आहे. एक वडिलांसाठी, ज्यांचे वय बहात्तर आहे आणि जे मराठीखेरीज काही वाचत नाहीत. एक माझ्यासाठी, कारण हिशेब, बँक आणि निर्यातदारांशी होणारा पत्रव्यवहार मी पाहते. एक धाकट्या भावासाठी, ज्याच्याकडे पाणी आणि मोटारी आहेत. आणि एक पॅकहाऊसच्या मुकादमांसाठी, जे ब्लूटूथ वजनकाट्यावर क्रेट मोजतात आणि लहान प्रिंटरवर चिठ्ठी छापून देतात. आज चौघांकडेही अँड्रॉइड आहे.

प्रश्न पडण्याचे कारण मार्चमधले आहे. तोडणीची धांदल चालू असताना वडिलांना व्हॉट्सॲपवर वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एक फाइल आली. त्यांनी ती उघडली, फोनने विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांना होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यातून ४८ हजार रुपये गेलेले दिसले. तेव्हापासून भावाचा आग्रह आहे की चारही फोन आयफोनच घ्यावेत, म्हणजे हा प्रकार पुन्हा होणार नाही. त्याचा आग्रह कितपत सुरक्षेसाठी आहे आणि कितपत मित्रांमध्ये मिरवण्यासाठी, हा वेगळा विषय.

दुसरी अडचण लहान असली तरी त्रासाची आहे. शेतातील पाण्याची मोटार बंद पडली की मोबाइलला जोडलेल्या स्टार्टरच्या ॲपमधून सूचना यायला हवी. ती कधी लगेच येते, तर कधी पाऊण तासाने. दुकानात चौकशी केली तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ऐकवले जातात. मला या दोन प्रणाली आतून कुठे वेगळ्या आहेत आणि आमच्यासारख्या कामाला त्याने काय फरक पडतो, हे समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

एमजीरोडचा_कारागीर यांचे उत्तर

ताई, मी बरीच वर्षे महात्मा गांधी रोडवर फोन दुरुस्त करतो, त्यामुळे मी फोनकडे तो म्हातारा झाल्यावर पाहतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळ फोन यंत्र म्हणून ठणठणीत असतात. त्यांचे अपडेट बंद झालेले असतात. कालांतराने बँकेचे ॲप जुन्या आवृत्तीवर चालणे थांबते, आणि ग्राहकाला वाटते की फोन बिघडला.

आयफोनची बाजू इथे पूर्वीपासून भक्कम आहे, कारण यंत्र आणि प्रणाली दोन्ही एकाच कंपनीच्या हातात आहेत. २०१५ चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत चालला. २०१८ च्या एक्सआरला आयओएस १८ मिळाले. २०२५ मध्ये ॲपलने क्रमांकाची पद्धत बदलून थेट आयओएस २६ आणले, तेव्हा तो मागे पडला. अँड्रॉइडमध्ये साखळी लांब असते. गूगल नवी आवृत्ती काढते, मग चिप बनवणारी कंपनी त्यात आपला भाग बसवते, मग फोनची कंपनी आपली सजावट चढवते, आणि यातील एकाने जरी हात आखडता घेतला तरी तुमचा फोन तिथेच थांबतो. ही साखळी सैल व्हावी म्हणून गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ‘ट्रेबल’ नावाची रचना आणली, तिचा उपयोगही झाला, पण स्वस्त फोनांच्या वाट्याला अजूनही दोन-तीन वर्षांपलीकडे फारसे काही येत नाही.

मात्र ‘अँड्रॉइड लवकर मरतो’ असे सरसकट म्हणण्याचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. ते फोन महाग आहेत हे खरे. परंतु त्याच वर्षी आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचा शब्द आहे. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत आहेत. किमतीला त्या वर्षांनी भागा. अठरा हजारांचा फोन सहा वर्षे चालला तर वर्षाला तीन हजार पडतात. दहा हजारांचा दोन वर्षांत टाकला तर पाच हजार.

बॅटरीबद्दलही लिहितो, कारण शेतावर चार्जिंगची रड असतेच. बॅटरी झिजलेल्या आयफोनचा वेग आम्ही प्रणालीतून कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. त्यावरून जगभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षी आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची स्थिती पाहण्याची सोय आली. आज बाहेरची बॅटरी बसवली की आयफोन सेटिंगमध्ये तसे स्पष्ट नोंदवतो. ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, आमच्यासारख्या कारागिरांना मात्र त्याचा खुलासा दिवसातून चार वेळा करावा लागतो. आयफोनचा पडदा फुटला तर खर्च जड जातो, आणि पॅकहाऊसमध्ये फोन पडतातच. मुकादमांच्या हातात आयफोन देऊ नका, एवढे मी छातीठोकपणे सांगेन.

सातपूरकर यांचे उत्तर

मी मोबाइल ॲप तयार करण्याचे काम करतो आणि दोन्ही प्रणालींसाठी करतो, त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची नाही. पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींत या दोघी आता एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या आहेत की वर्षभर वापरूनही सामान्य माणसाला मोठा फरक सांगता येणार नाही. फरक राहतो तो फोनमध्ये काय शिरू शकते आणि शिरल्यावर काय करू शकते, हे कोण ठरवतो यात.

जुन्या नाशकातील वाडे आठवा. मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी असते आणि रोजची ये-जा त्या दिंडीतून, एकेकाने, वाकून होते. आयफोनला ॲप स्टोअर ही एवढी एकच दिंडी आहे. तिथे ॲपलचा माणूस बसलेला असतो आणि वाड्याला दुसरे दार नाही. अँड्रॉइडच्या वाड्याला प्ले स्टोअरची दिंडी आहेच, पण मागे परसदारही आहे. एपीके नावाची फाइल कुठूनही मिळवून ॲप बसवता येते, ते या परसदाराने. आपल्या वडिलांच्या फोनवर आलेली पावती तिथूनच आली. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी द्यावी लागते, म्हणजे त्या रात्री फोनने ‘व्हॉट्सॲपला बाहेरची ॲप बसवू द्यायची का’ असे विचारले असणार आणि वडिलांनी होकार दिला असणार. त्यापुढचा प्रश्न बहुधा एसएमएस वाचण्याचा होता, आणि तो मिळाला की ओटीपी चोराच्या हाती गेलाच. आयफोनवर बाहेरच्या ॲपला अँड्रॉइडसारखी तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मिळतच नाही. कीबोर्डवर ओटीपी सुचवला जातो तो प्रणालीकडून. म्हणून नेमका हा प्रकार आयफोनवर घडला नसता, हे भावाचे म्हणणे बरोबर आहे.

तरीही परसदार हा निव्वळ दोष समजू नका. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सवर उभा आहे आणि त्याचा मूळ कोड कोणालाही घेता येतो, म्हणून तर दहा हजारांच्या फोनपासून लाखाच्या फोनपर्यंत सगळ्यांवर तो बसला. आयफोन जून २००७ मध्ये विक्रीस आला आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये. उशिरा येऊनही भारतात नव्वद टक्क्यांहून अधिक फोन त्याचे झाले, ते या मोकळेपणामुळे. अर्थात मोकळेपणाचेही नियम कोणीतरी लिहितोच. गूगलने अँड्रॉइडच्या जोरावर फोन कंपन्यांवर आपली ॲप लादली, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता. गंमत अशी की आता दोघेही एकमेकांच्या दिशेने सरकत आहेत. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला तिथे दुसरी ॲप दुकाने चालू द्यावी लागली, आणि इकडे गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की परसदाराने येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही स्वतःची ओळख पटवून द्यावी लागेल. भारतातल्या आयफोनला मात्र अजून एकच दिंडी आहे.

आता आपल्या कामाचे बोलतो. साधे थर्मल प्रिंटर आणि बरेचसे ब्लूटूथ वजनकाटे जुन्या ब्लूटूथ पद्धतीने, म्हणजे सिरियल पोर्ट प्रोफाइलने बोलतात. अँड्रॉइडवर कोणतेही ॲप या पद्धतीने जोडता येते. आयफोनवर मात्र अशा उपकरणाच्या निर्मात्याने ॲपलच्या एमएफआय या उपकरणांना मान्यता देणाऱ्या योजनेत नोंद केलेली असावी लागते, आणि हजार-दोन हजारांचा प्रिंटर बनवणारा त्या वाटेला सहसा जात नाही. ब्लूटूथ लो एनर्जी या नव्या पद्धतीवर चालणारी उपकरणे या अटीतून सुटतात. तेव्हा आयफोन घेण्याआधी काटा आणि प्रिंटर यांच्या पेटीवर काय लिहिले आहे ते बघा. मला वाटते की मुकादमांचा फोन कोणता हे त्या पेटीनेच ठरवून टाकले आहे.

मोटारीच्या सूचनेचा उशीर हा प्रणालीचा कमी आणि बॅटरी वाचवण्याच्या हौसेचा जास्त दोष आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडून असलेला फोन गाढ झोपेत जातो आणि ॲपना मधूनमधूनच जागे होऊ देतो. तातडीच्या म्हणून पाठवलेल्या सूचना या झोपेतूनही येऊ शकतात; पण अनेक फोन कंपन्या त्यावर आपली आणखी कडक बचत लावतात आणि मागे चालणारे ॲप सरळ बंद करून टाकतात. भावाला सांगा की सेटिंगमध्ये स्टार्टरच्या ॲपसमोर बॅटरीचे ‘निर्बंध नाहीत’ हा पर्याय निवडावा आणि ॲप आपोआप सुरू होण्याची परवानगी असेल तर तीही द्यावी. आयफोनवर ॲपला मागे फारसे चालूच देत नाहीत, सगळ्या सूचना ॲपलच्या एका सेवेमार्फत येतात, त्यामुळे तिथे फोनगणिक वागणूक बदलत नाही. परंतु स्टार्टरच्या कंपनीने आयफोनचे ॲप नीट बनवले आहे का, हे आधी पाहावे लागेल. आमच्या व्यवसायातील कडू सत्य असे आहे की शेतीसाठीची ॲप आधी अँड्रॉइडसाठी बनतात, आणि आयफोनसाठी वेळ उरला तर.

निवृत्त_पंचवटीकर यांचे उत्तर

मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि अशा तक्रारींचे अर्ज लिहून देण्यात माझ्या सकाळी जातात. दिंडोरीकर ताई, पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला होता की नाही ते आपण लिहिलेले नाही. इतर वाचकांसाठी सांगतो की तो फोन पहिल्या तासात केला तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता बरीच वाढते.

सातपूरकरांनी दारांचे जे सांगितले ते पटले, पण त्यावरून वडिलांना आयफोन द्यावा असा निष्कर्ष कोणी काढू नये. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत आयफोनवालेही असतात. त्यांच्या फोनमध्ये काही शिरलेले नसते; कोणीतरी पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर धमकावलेले असते, किंवा ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगितलेले असते. पिन माणसाने आपल्या हाताने टाकला, तर कोणतीच प्रणाली मध्ये पडत नाही.

यूपीआयच्या नोंदणीतला एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. खाते फोनशी जोडताना आपल्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो स्वतःच पाठवते. आयफोनवर संदेशाची खिडकी उघडते आणि पाठवण्याचे बटण माणसाला दाबावे लागते. दुसऱ्याचे यूपीआय स्वतःच्या फोनवर चढवण्यासाठी ठग नेमका हाच संदेश त्या माणसाकडून पाठवून घेतात, तेव्हा ‘हा आकड्या-अक्षरांचा मेसेज अमुक नंबरला पाठवा’ असे कोणी म्हणाले तर तो पाठवू नये, हे वडिलांना आजच सांगून ठेवा.

अँड्रॉइडमध्येही परसदाराला कडी घालता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी अशी व्यवस्था जाहीर केली की इंटरनेटवरून वा व्हॉट्सॲपवरून आलेले ॲप एसएमएस वाचण्यासारखी परवानगी मागत असेल तर ते बसवणेच रोखले जावे. त्याहून पक्की सोय अँड्रॉइड १६ मध्ये आहे. ‘प्रगत संरक्षण’ चालू केले की बाहेरची ॲप बसवण्याचा मार्गच बंद होतो. वडिलांच्या नव्या फोनमध्ये हे पहिल्याच दिवशी चालू करावे.

आता भाषेविषयी, कारण ती आपण विचारली नसली तरी वडिलांचा सगळा व्यवहार तिच्यावर आहे. अँड्रॉइडचा संपूर्ण पडदा मराठीत करण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे आणि बोलून मराठी लिहिण्याची सोयही चांगली आहे. आयफोनमध्ये कीबोर्ड मराठीत होता, पण प्रणालीची भाषा म्हणून मराठी आली ती २०२५ च्या आयओएस १८.४ मध्ये. म्हणजे ती आहे, पण वडिलांच्या सवयीची नाही. दोन्हीकडे प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, आयफोनवर २०१९ पासून आणि अँड्रॉइडवर २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून, त्यामुळे बँकेचे ॲप मराठीत अवघड वाटत असेल तर तेवढेच इंग्रजीत ठेवावे. बँकांच्या मराठीतील ‘हस्तांतरण विनंती प्रलंबित’ यासारखी वाक्ये मलाही दोनदा वाचावी लागतात, आणि मी तिथे तेहतीस वर्षे होतो.

दिंडोरीकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठ दिवसांत एक प्रयोग करून पाहिला, तो सांगते. भावाच्या मित्राचा जुना आयफोन वडिलांना वापरायला दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, ‘याला मागे जायचे बटण कुठे आहे?’ तेव्हा माझ्या लक्षात आले की अँड्रॉइडवर कुठूनही मागे येण्याची खूण एकच असते. आयफोनवर ती कुठे डाव्या कडेने बोट सरकवून, कुठे वरच्या कोपऱ्यात, तर कुठे खाली ओढून. मला त्याचे काही वाटले नसते. त्यांना दर वेळी अडकल्यासारखे झाले, आणि अडकलेला माणूस समोर येईल त्या बटणाला होकार देतो. मार्चमध्ये हेच झाले होते.

तेव्हा वडिलांना सहा वर्षांच्या अपडेटचा अँड्रॉइड, मराठीत, प्रगत संरक्षण चालू करून. पण त्याहून मोठा बदल फोनच्या बाहेर केला. त्यांचे मुख्य बचत खाते यूपीआयवरून काढून टाकले आणि दुसऱ्या एका लहान खात्यात महिन्याला पाच हजार ठेवून तेवढेच फोनला जोडले. मुकादमांसाठी अँड्रॉइड, काट्याच्या पेटीवर सिरियल पोर्टच लिहिलेले निघाले. भावाच्या स्टार्टरचे आयफोनवरील ॲप दोन वर्षांत बदललेले नाही असे त्यानेच शोधून काढले आणि तो बराच वेळ गप्प बसला. व्यवसायाची सगळी खाती ज्या एका फोनवर आहेत तो माझा, म्हणून आयफोन माझ्या वाट्याला आला आहे. घरात यावरून जे व्हायचे ते होत आहे.

एकच शंका उरली आहे. निर्यातदारांशी पाच वर्षे झालेले बोलणे, दर आणि मालाचे फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर आहेत. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ते सगळे येते का?

सातपूरकर

येते, पण क्रम चुकला तर येत नाही. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो आणि आयफोन तो वाचत नाही, म्हणून ‘बॅकअप आहेच’ या भरवशावर राहू नका. २०२२ पासून ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून व्हॉट्सॲपचे बोलणे नेता येते. ते अँड्रॉइडवर बसवा, आणि आयफोन पहिल्यांदा सुरू करताना, म्हणजे तो नवाकोरा असतानाच, दोन्ही फोन चार्जिंगला लावून ही हलवाहलव करा. आयफोनवर तोच मोबाइल क्रमांक ठेवा. दुकानदार ‘मी सेट करून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा, कारण एकदा फोन सुरू करून झाला की बहुधा तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पाच वर्षांचे फोटो असतील तर तासभर लागेल. जुना फोन महिनाभर पुसू नका, आणि मूव्ह टू आयओएस मात्र प्ले स्टोअरमधूनच घ्या. कोणी त्याची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती उघडू नका.